ख्रिश्चनांविषयी धाकट्या प्लिनीचे पत्र

रोमन प्रांताधिकारी धाकटा प्लिनी याने सुमारे इ.स. ११२ मध्ये सम्राट ट्राजान याला लिहिलेले हे लॅटिन पत्र आरंभीच्या ख्रिस्ती समाजाविषयीच्या बायबलबाह्य साधनांपैकी एक महत्त्वाचे साधन होय. प्लिनीच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या खंडात ते ९६ व्या क्रमांकावर असून सम्राटाचे उत्तर ९७ व्या क्रमांकावर आहे.

पार्श्वभूमी

प्लिनी हा बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिकारी होता. हा प्रांत आजच्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यालगत होता. ख्रिश्चन असल्याच्या आरोपावरून लोक त्याच्यासमोर आणले जात. अशा खटल्यांचा पूर्वानुभव नसल्याने त्याने सम्राटाचा सल्ला मागितला. केवळ ख्रिश्चन म्हणवून घेणे हाच गुन्हा, की त्या नावाशी निगडित दुष्कृत्ये हा गुन्हा, हा त्याचा मुख्य प्रश्न होता.

मजकूर

प्लिनी आरोपींना तीनदा विचारत असे. शिक्षेची धमकी देऊनही जे ठाम राहत, त्यांना तो देहदंड देई. रोमन नागरिकांना मात्र रोमला पाठवी. एका निनावी यादीतही अनेकांची नावे आली होती. आरोप नाकारणाऱ्यांना देवांची प्रार्थना, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप व मद्याचे अर्पण आणि ख्रिस्ताची निंदा करावी लागे.

पंथ सोडलेल्यांच्या सांगण्यानुसार, ते ठरावीक दिवशी पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गात आणि चोरी, दरोडा, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची, तसेच ठेव परत मागितल्यास ती न नाकारण्याची शपथ घेत. नंतर पुन्हा एकत्र येऊन ते साधे भोजन करीत. सत्य काढण्यासाठी प्लिनीने ‘सेविका’ म्हटल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ केला; परंतु त्यास अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही आढळले नाही. त्या दासींची नावे पत्रात नाहीत.

सम्राटाचे उत्तर

ख्रिश्चनांचा शोध घेऊ नये, आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा करावी, देवांची पूजा करून पंथ नाकारणाऱ्यास क्षमा करावी आणि निनावी तक्रारी मुळीच स्वीकारू नयेत, असे ट्राजानने कळविले.

ऐतिहासिक मूल्य

येशूच्या जीवनातील घटनांचा पुरावा या पत्रात नाही. येशूला पाँतियस पिलाताच्या काळात देहदंड झाल्याचा उल्लेख टॅसिटसच्या ‘अ‍ॅनल्स’ या ग्रंथात आढळतो. प्लिनीच्या पत्रातून कळते ते अनुयायांचे आचरण: दुसऱ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ताची देव म्हणून उपासना होत होती आणि हा पंथ शहरांपासून खेड्यांपर्यंत, सर्व वयांच्या व थरांच्या स्त्री-पुरुषांत पसरला होता. लेखक या पंथाच्या विरोधात असल्याने त्याची साक्ष अनुयायाने केलेली स्तुती ठरत नाही. तथापि, पंथ सोडलेल्यांचे कथन शिक्षेच्या भीतीखाली, तर दासींचे छळाखाली घेतले गेले, हेही अभ्यासकाने ध्यानात घ्यावे लागते.

मजकुराची परंपरा

दहाव्या खंडाचे पॅरिसमध्ये सापडलेले हस्तलिखित पुढे गहाळ झाले. संपूर्ण मजकूर १५०८ साली व्हेनिसच्या आल्दुस मानुतियसने छापला. या पत्रव्यवहाराचा उल्लेख टर्टुलियनने सुमारे इ.स. १९७ मध्ये केला असल्याने त्याच्या प्राचीनतेस स्वतंत्र आधार मिळतो.