‘ॲ’चे वर्ष

१६७० हे साल उच्चारले की सुरतेतील मराठी माणसाला शिवाजी महाराजांची दुसरी स्वारी आठवते. त्याच साली या शहरात आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र क्वचितच सांगितली जाते. ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल असलेल्या भीमजी पारेख या सुरतेच्या व्यापाऱ्याने आपल्याकडील जुने ग्रंथ छापण्यासाठी कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली. त्यानुसार १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस आला. पण तो केवळ मुद्रक होता. देशी अक्षरांचे खिळे पाडणे त्याला साधले नाही. अ. का. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात ही हकिकत नोंदवली आहे. छपाईचे साधन आले, पण अक्षरे आली नाहीत.

मोबाइलचा इतिहास वाचताना आम्हांला या भीमजीची वारंवार आठवण होते, आणि ती विशेषेकरून २००८ या वर्षापाशी. त्या वर्षीच्या १० जुलैला ॲपलचे ‘ॲप स्टोअर’ उघडले. आरंभी त्यात सुमारे ५०० ॲप होती. दुसऱ्याच दिवशी आयफोन थ्रीजी अनेक देशांत विक्रीस आला आणि २२ ऑगस्टला तो भारतात पोहोचला. आठ जीबीच्या फोनची किंमत होती ३१,००० रुपये; आमच्यासारख्या पगारदार घरांना तो दुकानाच्या काचेतून पाहण्यापुरताच होता. २३ सप्टेंबरला अँड्रॉइडची १.० ही आवृत्ती जाहीर झाली. ऑक्टोबरमध्ये तिच्यावर चालणारा एचटीसीचा पहिला फोन अमेरिकेत विकला जाऊ लागला, आणि त्याच महिन्यात अँड्रॉइडची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. फोनमध्ये काय असावे हे तोवर मुख्यत्वे फोन बनवणाराच ठरवीत असे. आता कोणाही तिऱ्हाइताची आज्ञावली लक्षावधी खिशांत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

या साऱ्या गाजावाजाच्या आधी, एप्रिल २००८ मध्ये, एक लहानशी घटना घडून गेली होती. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतप्रणालीची ५.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान होते. परंतु ‘अ’वर चंद्र देऊन आपण लिहितो ते ‘ॲ’ त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून नव्हते. होते ते ‘ए’वर चंद्र दिलेले ‘ऍ’, जे मराठी वळणाचे नव्हे. ५.१ मध्ये ‘ॲ’ला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. म्हणजे ज्या वर्षी ‘ॲप’ ही वस्तू घरोघर जाण्यास निघाली, त्याच वर्षी तो शब्द मराठी रीतीने लिहिण्याचे अक्षर संगणकाच्या जगात दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर वर्णमालेत समाविष्ट करण्याचा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. या बाबतीत फोनची लिपी सरकारी कागदाच्या दीड वर्ष पुढे होती.

अक्षराला क्रमांक मिळाला म्हणून ते लगेच पडद्यावर उमटते असे नाही. अँड्रॉइडच्या आरंभीच्या फोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. देवनागरीची बरी सोय झाली ती २०११-१२ च्या सुमारास, ४.० आणि ४.१ या आवृत्त्यांपासून. साध्या एसएमएसचेही गणित प्रतिकूल होते. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत अवघी ७०. त्यातही काना, उकार आणि हलन्त स्वतंत्र मोजले जात. ‘महाराष्ट्र’ एवढा एकच शब्द दहा घरे अडवी. मग आमच्या घरांतून मराठी रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली, यात नवल ते काय!

त्याची गंमतही झाली. खानदेशातून आमच्याकडे रोमन लिपीत संदेश आला : रात्री ‘मुले’ येणार आहेत. भाचरे येणार म्हणून शेव आणि घारी आणून ठेवली. दारात उभे राहिले मुळे आडनावाचे वृद्ध दांपत्य! ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद तेथे बुडाला होता. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचीही तीच गत.

हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट येथेच संपते. आम्हां सुरतकरांच्या नातवंडांना शाळेत गुजराती मिळते, हिंदीमुळे देवनागरीही वाचता येते. परंतु मराठीची म्हणून जी वळणे आहेत ती केवळ घरातूनच मिळतात. पूर्वी भुसावळच्या गाडीने येणारी आंतर्देशीय पत्रे ती शिकवीत. आजीचे पत्र वाचून दाखवताना ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ आपोआप कानी-डोळी पडत. पत्रे थांबली आणि त्यांची जागा फोनने घेतली. त्या नव्या पत्रातच आपली अक्षरे नसतील, तर मुलांना ती भेटणार कोठे?

आज ही तक्रार फोनपाशी करता येणार नाही. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपीलाही स्थान मिळाले. आमच्या कित्येकांच्या पेट्यांतील जुन्या दस्तऐवजांची लिपी ती हीच. मराठीचा कळफलक आता फोनमध्ये विनामूल्य मिळतो. भीमजीपाशी पैसा होता, इच्छा होती, पण अक्षरे नव्हती. आम्हांपाशी अक्षरे आहेत. तरीही नातवाला वाढदिवसाचा आशीर्वाद आम्ही रोमन लिपीत धाडतो, सवय झाली म्हणून. निदान तेवढे एक वाक्य तरी यापुढे आपल्या लिपीत लिहावे, एवढीच या मंडळातील वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे.