वहिवाटीचा घाट

धारच्या पश्चिमेस वसलेल्या अमझेऱ्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात २९ नोव्हेंबर १७२८ या दिवसाशी कायमचे जोडले गेले आहे. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर हे तेथे भक्कम मोर्चे बांधून बसले होते. नर्मदा उतरलेली मराठी फौज अमझेऱ्याजवळच्या घाटानेच वर येणार, असे त्यांनी धरून ठेवले होते. चिमाजी अप्पा मात्र मांडवगडच्या घाटाने चढले आणि अनपेक्षित बाजूने तुटून पडले. सुभेदार व दया बहादूर दोघेही पडले आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. मोर्चा कच्चा नव्हता. तो ज्या गृहीतावर उभा होता ते कोणी तपासले नव्हते.

याच जातीच्या चुकीचा दुसरा इतिहास संगणकाच्या तबकडीवर घडला. आयबीएमचा पीसी १९८१ साली बाजारात आला. पुढे त्याच्या तबकडीवरील वर्तुळाकार मार्गांचे ५१२ बाइटांचे भाग मोजण्यास सहा बिटांचीच जागा ठेवलेली असल्यामुळे एका मार्गावर अधिकात अधिक ६३ भाग मोजता येत. पहिला मार्ग आरंभीच्या नोंदीसाठी राखावयाचा, म्हणून माहितीचे दालन ६३ भाग सोडून सुरू करण्याची वहिवाट पडली. तबकड्यांची मूळ घडण बदलली, वहिवाट टिकली. २००१ सालच्या विंडोज एक्सपीने आणि सर्व्हर २००३ नेही, कोणी वेगळे न सांगितल्यास, हेच माप धरले.

एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालविण्याची युक्ती आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झाली. व्हीएमवेअर कंपनीने ती १९९९ साली साध्या पीसीवर आणली. आभासी यंत्राची तबकडी ही बहुधा मोठ्या साठ्यातील एक फाइल असते, आणि असे अनेक साठे ४,०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी काम करतात. ६३ भाग म्हणजे ३२,२५६ बाइट. या संख्येस ४,०९६ ने निःशेष भाग जात नाही. परिणामी यंत्राचा एक ठोकळा साठ्यातील दोन ठोकळ्यांवर पसरतो. एका वाचनाची दोन वाचने होतात. लिहावयाचे तर दोन्ही ठोकळे आधी वाचून, दुरुस्त करून पुन्हा लिहावे लागतात. त्यातच नवे यंत्र जुन्या नमुन्यावरून उतरविण्याचा प्रघात! नमुन्यातील दोष प्रत्येक प्रतीत उतरतो. काही मोडत नाही, कोठे इशारा उमटत नाही. केवळ सारे काम मंदावते, आणि दोष नव्या सामग्रीच्या माथी मारला जातो.

विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ यांनी आरंभ २,०४८ भागांवर, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांवर नेला. यास ४,०९६ ने नेमका २५६ वेळा भाग जातो. तथापि जुन्या दालनावर नवी प्रणाली चढविली तरी दालनाचा आरंभ हलत नाही. म्हणून नमुना उतरविण्यापूर्वी एक साधा भागाकार करून पाहणे हाच खरा उपाय होय.

पूर्वी कोणीतरी काही कारणाने ठरविलेली गोष्ट, कारण नाहीसे झाल्यावरही, नियम म्हणून उरते. तिच्यावर विसंबताना तिचे मूळ कारण अद्याप जिवंत आहे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ हानी टळते. अमझेऱ्याच्या घाटावर तो प्रश्न विचारला गेला नाही, आणि त्याची किंमत एक सुभा पडली.