एका हमीपत्रामागचा इतिहास

सलालाहला खरीफ सुरू झाला, डोंगरावर धुकं उतरलं, की इथल्या मराठी घरांत ॲडमिशनची धावपळ चालू असते. बारावी झालेली मुलं पुण्या-मुंबईच्या कॉलेजांकडे निघतात. परवा एक शेजारी मुलीचे कागद घेऊन माझ्याकडे आले. फी, हॉस्टेल, मेस, सगळं पक्कं झालं होतं. उरलं होतं फक्त रॅगिंगविरोधी हमीपत्र. म्हणाले, "ताई, हे नेहमीचंच असतं ना? सही कुठे करायची तेवढं सांगा."

तुमचं मूल भारतात शिकत असेल तर तुम्हीही ही सही केली असेल. बहुधा न वाचता. मी इतिहासाची अभ्यासक, म्हणून या कागदामागे काय आहे ते सांगते.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम केले आणि विद्यार्थी व पालक या दोघांचंही हमीपत्र दरवर्षी बंधनकारक झालं. महाराष्ट्राने मात्र आपला कायदा दहा वर्षं आधी, १९९९ मध्येच केला होता. त्यातलं एक कलम फार महत्त्वाचं आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे द्यायची. टाळाटाळ केली तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा मानतो.

लैंगिक छळाविरुद्धची वाट वेगळी. राजस्थानातल्या भंवरीदेवींवरील अत्याचारानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट १९९७ मध्ये 'विशाखा' निकाल आला. प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, असं न्यायालयाने सांगितलं. समित्या कागदावर आल्या, पण त्यांच्या अहवालाला किंमत काय? समितीने दोषी ठरवलं तरी संस्था पुन्हा पहिल्यापासून खातेनिहाय चौकशी लावायची आणि बाईला सगळं नव्याने सांगावं लागायचं. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी अशा प्रकरणांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. एप्रिल २००४ मध्ये आदेश आला, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल समजायचा. अंतिम निकाल ऑक्टोबर २०१२ चा, आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला.

विद्यापीठांसाठी आयोगाचे स्वतंत्र नियम २०१६ मध्ये लागू झाले. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत जागा नाही. ज्याच्या हातात पदवी आहे त्याच्यासमोरच तक्रार मांडायची वेळ कुणावर येऊ नये, हा त्यामागचा विचार. जातीवरून होणाऱ्या भेदभावासाठी २०१२ चे वेगळे नियम होतेच: समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी.

म्हणजे २०१९ साली सगळं जागेवर होतं. तरीही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवलं. वय सव्वीस. जळगावच्या तडवी भिल्ल समाजातली ही मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञ होणार होती. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर झाला. त्यांच्यावर लावलेल्या कायद्यांत तो १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदाही होता. आम्ही आधीच तक्रार केली होती, कुणी दखल घेतली नाही, असं तिच्या आईचं, आबेदा तडवी यांचं म्हणणं. त्याच वर्षी त्या रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी नव्या कायद्याची नव्हती. २०१२ चे नियम खरोखर अमलात आणा, एवढीच होती.

या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. आपल्याकडे नियम कमी पडले नाहीत, तक्रार ऐकून घेणारा माणूस कमी पडला. आणि नियमांना जी काही धार आली ती कुणीतरी चिकाटीने लिहून मागितल्यामुळे आली.

म्हणून शेजाऱ्यांना म्हटलं, सही करा, पण आधी कॉलेजला विचारा: अंतर्गत समितीत कोण आहे? विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेत का? भेदभावविरोधी अधिकारी कोण? मुलीला सांगून ठेवा, की काही झालंच तर तोंडी सांगून थांबू नकोस. तारीख घालून लिही आणि पोच घे. आयोगाची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ तिच्या फोनमध्ये असू द्या. आणि तिने घरी फोन करून काही सांगितलं, तर "थोडं सहन कर, वर्ष निघून जाईल" असं म्हणू नका. इतक्या दूर बसून तेच वाक्य सगळ्यात आधी तोंडात येतं.

त्यांनी पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "हे घरी नेतो. तिच्याबरोबर बसून वाचतो, मग सही करतो."