दोन काचांचा एक फोटो

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली आणि दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे सोसायटीच्या पहिल्या देशी सभासदांपैकी एक. कॅमेऱ्यापुढे जे असेल तेच काचेवर उमटते, या भरवशावर हा छंद फोफावला. तो भरवसा फार काळ निर्भेळ राहिला नाही.

विल्यम जॉन्सनने मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली काढले. त्यात माणसे आपापल्या पगडी-पोशाखात उभी किंवा बसलेली दिसतात आणि मागे मुंबई व आसपासचा देखावा. पण ती माणसे तिथे कधी उभीच नव्हती. त्यांचा फोटो एका काचेवर, देखावा दुसऱ्या काचेवर. छापताना दोन्ही जोडलेले. कारण तांत्रिकच होते. रसायन ओले असेपर्यंत काच वापरून धुवावी लागे, त्यामुळे अंधारखोली सोडून लांब जाणे जिकिरीचे. काही पानांवर माणसांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात. तरीही ग्रंथाचा दावा शास्त्रीय नोंदीचा होता, आणि खोट तिथेच आहे, जोडकामात नव्हे.

नोंद आणि जादू या दोन्ही वाटा चाललेला माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला होता. पुढे ते पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले. जुन्या वास्तूंची चोख नोंद ठेवणारे हे खाते. हेच फाळके एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करू लागले. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वर आला, वेल चढला. यातली प्रत्येक चौकट खरी. पण वेल असा सरसर चढताना कोणी पाहिलेला नाही. ‘अंकुराची वाढ’ पाहूनच फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी कर्ज मिळाले. 1913 च्या त्या चित्रपटात तारामती झाले अण्णा साळुंके.

गावोगावच्या फोटोवाल्यांनी हेच कसब पोटापाण्याला लावले. लहान गावच्या माणसाला फोटो काढायचा तर तालुका गाठावा लागे, नाहीतर जत्रेची वाट पाहावी लागे. जत्रेतल्या तंबूत रंगवलेला ताजमहाल किंवा बाग, पुढे पुठ्ठ्याची मोटार. स्टुडिओत खुंटीला कोट आणि टाय टांगलेला असे. ज्याला हवा त्याने चढवावा, पाठीमागून चिमटे लावून तो अंगाबरोबर करून दिला जाई. म्हातारा वारला आणि त्याचा एकट्याचा फोटोच नसला, तर लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा उचलायचा, खाली कोणाचा तरी कोट जोडायचा, जोड ब्रशने बुजवायचा. हयातीत कधी शेजारी उभे न राहिलेले नवरा-बायको असे एका चौकटीत येत, आणि त्यांना हार घालणाऱ्या सुनेला ते ठाऊक असे. याला फसवणूक म्हणणे वेडेपणाचे ठरेल.

कलाक्षेत्राने ही जुनी कारागिरी जाणूनबुजून हाती घेतली ती 1990 नंतर. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी ‘फँटम लेडी’ ही छायाचित्रमाला (1996–98) मुंबईत घडवली. नायिका त्या स्वतःच, वेश मुखवट्याचा, धागा फिअरलेस नादियाच्या स्टंटपटांचा. क्लेअर आर्नी यांच्यासोबतच्या पुढच्या मालिकेत (2000–04) त्यांनी जॉन्सनच्या काळातल्या मानववंशशास्त्रीय छायाचित्रांची घडणच उघडी केली. पडदा, पवित्रा, मोजपट्ट्या सगळे पुन्हा मांडले, आणि मांडणी लपवली नाही.

‘नवरस’ मालिकेसाठी (2000–03) मात्र त्या जे. एच. ठक्कर यांच्याकडे गेल्या. ठक्करांचा ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ 1948 पासूनचा. हिंदी सिनेमातल्या तारे-तारकांचे चेहरे त्यांनी तिथे घडवलेले. दिवा कुठून टाकला की गाल उजळतो आणि डोळ्यांखाली सावली पडते, हे त्यांच्या हाताला पाठ होते. नऊ रसांचे नऊ चेहरे त्यांनी त्याच जुन्या पद्धतीने, कृष्णधवल टिपले. चेहरा एकाच बाईचा. शृंगार, भय, शांत हे सगळे दिव्यांच्या जागा बदलून आलेले.