पाणचक्कीच्या हौदाखालील गारवा

मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली, आणि डोंगरांतील पाणी जमिनीखालून शहरांत आणणाऱ्या नहरींची परंपराही येथें रुजविली. तेंच शहर पुढें औरंगाबाद झालें. आज तें छत्रपती संभाजीनगर होय. खाम नदीकांठची पाणचक्की तुर्कताज खानानें १७४४ सालीं उभारली असें सांगतात. पाहुणे चक्की पाहून परततात. तेथील हौदाचा तळ हेंच एका प्रशस्त दालनाचें छप्पर आहे, हें पुष्कळांच्या ध्यानींही येत नाहीं.

यात्रेकरूंच्या विसाव्यासाठीं केलेलें हें दालन भर उन्हाळ्यांत गार राही. कारण सूर्याचा ताप प्रथम पाण्यावर पडे. पाणी सावकाश तापतें, वाफ होतांना उष्णता घेऊन जातें, आणि नहरीचें नवें पाणी त्यांत येतच असतें. वाळ्याचे ओले पडदे गारव्याबरोबर दमटपणाही देतात. येथें पाणी छपरावरच राहिलें.

आजच्या इमारतींतील वातानुकूलन-पेटींतही थंड पाणी नळ्यांतून फिरतें. पंखा त्यांवरून हवा ढकलतो, आणि हवेंतील ओलावा नळ्यांवर ठिबकतो. विलिस कॅरियरनें १९०२ सालीं ब्रुकलिनच्या छापखान्यासाठीं यंत्र आंखलें, तें या ओलाव्यापायींच. हौदाखालच्या दालनास पंखा नाहीं. त्याची सारी भिस्त नहरीवर. ती आटली, तर चक्की थांबेलच, पण दालनही तापूं लागेल.