अमेरिकेचा सरकता मध्यबिंदू

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात हार्टव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती सहाशेच्या आसपास. २०२० सालच्या जनगणनेनंतर या गावाचे नाव एकाएकी देशभर झाले. कारण एवढेच, की संपूर्ण देशाच्या लोकसंख्येचा मध्यबिंदू या गावाच्या परिसरात आला. १७९० साली अमेरिकेची पहिली जनगणना झाली, तेव्हा हाच बिंदू अटलांटिक किनाऱ्याजवळ, मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरच्या पूर्वेला सुमारे ३७ किलोमीटरवर होता. म्हणजे २३० वर्षांत तो जवळजवळ १४०० किलोमीटर पश्चिमेला सरकला.

मध्यबिंदू म्हणजे नेमके काय? देशाचा नकाशा सपाट, ताठ आणि बिनवजनाचा आहे, असे समजा. प्रत्येक माणूस आपापल्या गावी उभा आहे आणि सर्वांचे वजन सारखेच आहे. आता हा नकाशा एका टोकावर तोलून धरायचा, तर टोक कोठे लावावे लागेल? ती जागा म्हणजे लोकसंख्येचा मध्यबिंदू. विज्ञानाच्या शिक्षकांना यात गुरुत्वमध्य ओळखीचा वाटेल. वर्गात हे करून दाखवणे सोपे आहे. ताठ पण हलक्या कागदावर महाराष्ट्राचा नकाशा कापावा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर दहा लाख लोकांमागे एक जड मणी या हिशेबाने प्रत्येक जिल्ह्याच्या मध्यावर मणी चिकटवावेत आणि पेन्सिलीच्या टोकावर नकाशा तोलून पाहावा. मुंबई-ठाण्याकडे तो कसा कलतो हे मुलांना लगेच दिसते.

तरफेचा नियम येथेही लागू पडतो. वजन टेकूपासून जितके दूर, तितकी त्याची ओढ जास्त. आज न्यूयॉर्कमधील एक माणूस बिऱ्हाड हलवून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तर ३३ कोटी १४ लाख लोकांचा हा मध्यबिंदू सुमारे सव्वा सेंटिमीटर सरकतो. १७९० साली लोकसंख्या अवघी ३९ लाख होती. त्या वेळी हजार किलोमीटर पश्चिमेला गेलेल्या एकट्या माणसाने बिंदू पंचवीस सेंटिमीटर ओढला असता. मात्र बिंदू केवळ स्थलांतरानेच हलतो असे नाही. लॉस एंजलिसमध्ये जन्मलेले मूल, बोस्टनमध्ये वारलेली म्हातारी, परदेशातून न्यूयॉर्क बंदरात उतरलेला मजूर, सारेच त्याला थोडेथोडे ढकलत असतात.

बिंदूची सर्वांत लांब उडी १८५० ते १८६० या दशकातली आहे, सुमारे १३० किलोमीटरची. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले. तेथील लोकसंख्या १८५० मध्ये ९२ हजार होती, ती १८६० मध्ये ३ लाख ८० हजार झाली. सगळ्या देशाच्या मानाने हे लोक जेमतेम सव्वा टक्का होते. पण त्या वेळी ओहायो राज्यात असलेल्या बिंदूपासून ते तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर होते. आम्ही ढोबळ हिशेब करून पाहिला, तर एवढ्या मूठभर लोकांची ओढ जवळजवळ ४० किलोमीटर भरते. उडीचा बाकी भाग इलिनॉय, आयोवा, विस्कॉन्सिन अशा मधल्या राज्यांत वसलेल्या शेतकऱ्यांचा.

येथवरची कथा पाठ्यपुस्तकांत आढळते तशीच आहे. धाडसी माणसे पश्चिमेकडे गेली आणि मोकळी जमीन लागवडीखाली आली. परंतु या तराजूत कोणाचे वजन धरले होते, हा प्रश्न विचारला की चित्र बदलते. अमेरिकेच्या संविधानानुसार कर न भरणाऱ्या मूळ रहिवाशांची गणनाच होत नसे. या लोकांची देशभर रीतसर मोजणी प्रथम झाली ती १८९० साली. मोकळी म्हटलेली जमीन त्यांची होती. १८३० मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत त्यांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकी लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात, पुढे ओक्लाहोमा झालेल्या प्रदेशाकडे नेण्यात आले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार लोक यात दगावले, असा सर्वसाधारण अंदाज आहे. या चालण्याने मध्यबिंदू केसभरही हलला नाही, कारण ती माणसे नकाशावर नव्हतीच.

गुलामांची गोष्ट वेगळी. मध्यबिंदू काढताना त्यांचे वजन पूर्ण धरले जाते, पण प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस, असा संविधानातच हिशेब होता. १७९० ते १८६० या काळात व्हर्जिनिया, मेरीलँड या जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना या कापसाच्या मुलखात सुमारे दहा लाख गुलाम नेले वा विकले गेले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे म्हणजे स्थलांतर, ही व्याख्या त्यांनाही लागू होते. मात्र त्यांना जायचे आहे का, हे कोणी विचारले नव्हते.

त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी पुढे जे स्थलांतर केले, ते अमेरिकेच्या इतिहासातील फार मोठ्या घटनांपैकी एक आहे. १९१० मध्ये दर दहा कृष्णवर्णीयांपैकी नऊ दक्षिणेत राहत होते. दक्षिणेत जमीनदाराशी वाट्याने शेती, मताधिकार नावापुरता आणि जमावाकडून हत्या होण्याची धास्ती. त्यात कापसाच्या बोंडात शिरणाऱ्या भुंग्याने पिके बुडवली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि युरोपातून येणाऱ्या मजुरांचा ओघ आटला. त्या वर्षी १२ लाख लोक अमेरिकेत आले होते, १९१८ मध्ये आले फक्त १ लाख १० हजार. उत्तरेकडच्या कारखान्यांना माणसे हवी होती. मिसिसिपीतून शिकागोला जाणारा लोहमार्ग होताच. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० मध्ये ४४ हजार होती, ती १९३० मध्ये २ लाख ३४ हजार झाली. १९७० पर्यंत साठ लाखांच्या आसपास लोक दक्षिण सोडून गेले.

आता नकाशावर पाहू. साठ लाख माणसे उत्तरेकडे गेली, तर मध्यबिंदू थोडा तरी उत्तरेला जायला हवा. प्रत्यक्षात १९१० ते १९७० या काळात तो इंडियानातील ब्लूमिंग्टनपासून इलिनॉयच्या नैर्ऋत्य भागापर्यंत पश्चिमेला गेला आणि जाताना दक्षिणेलाच उतरला. कारण त्याच काळात दुसरी माणसे फ्लोरिडा, टेक्सास आणि दक्षिण कॅलिफोर्नियात मोठ्या संख्येने जात होती. विरुद्ध दिशांची दोन स्थलांतरे एकमेकांतून वजा झाली. सरासरी खोटे बोलत नाही, पण ती किती गप्प बसते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

ओक्लाहोमाचेही असेच आहे. १९३० मध्ये या राज्यात २३ लाख ९६ हजार लोक होते, १९४० मध्ये २३ लाख ३६ हजार. घट फक्त साठ हजारांची दिसते. खरे तर राज्य सोडणारे याच्या कित्येक पट होते. मागे राहिलेल्यांच्या घरी जन्मलेल्या मुलांनी आकडा भरून काढला. हे लोक धुळीच्या वादळांमुळे निघाले असे सर्रास लिहिले जाते. नांगरून उघड्या पडलेल्या गवताळ जमिनीवर दुष्काळात वादळे झाली हे खरेच आहे, पण कॅलिफोर्नियाला गेलेल्यांतील बहुतेक जण त्या धुळीच्या पट्ट्यातले नव्हते. ते पूर्वेकडच्या कापूस मुलखातील कुळे होती. कापसाचा भाव पडला, ट्रॅक्टर आले आणि पीक कमी घेण्याबद्दल सरकारने दिलेला पैसा जमीनमालकाकडे गेला. कुळाची गरज उरली नाही.

कॅलिफोर्नियाने त्यांचे स्वागत कसे केले? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपल्या शहराबाहेर, थेट राज्याच्या सीमेवर १३६ पोलीस पाठवले. खिशात पैसा नसलेल्यांना परत फिरवावे, असा हुकूम होता. निर्धन माणसाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात गुन्हाच होता. एडवर्ड्स नावाच्या रहिवाशाने टेक्सासला जाऊन आपल्या बेकार मेव्हण्याला मोटारीतून घरी आणले. मेव्हण्याजवळचे वीसएक डॉलर वाटेतच संपले होते. एडवर्ड्सला सहा महिने कैदेची शिक्षा झाली. ती तहकूब ठेवण्यात आली, तरी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. बहुमताचा आधार मात्र काहीसा कोरडा होता. राज्याराज्यांमधील व्यापारात राज्याने अडथळा आणू नये, या तत्त्वात माणसांची ये-जाही येते, असे म्हटले गेले. संचार हा नागरिकत्वाचाच हक्क आहे, असे न्यायमूर्ती डग्लस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मांडले. आपल्याकडे कलम १९ मध्ये देशात कोठेही फिरण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. अमेरिकेच्या संविधानात असे वाक्य नाही.

युद्धानंतरची हकिगत थोडक्यात सांगता येते. युद्धकाळातील कारखाने, वातानुकूलन यंत्रे, निवृत्तिवेतन आणि १९५६ नंतर बांधलेले महामार्ग यांनी माणसे उन्हाच्या प्रदेशाकडे ओढली. ॲरिझोनात १९५० मध्ये साडेसात लाख लोक होते, २०२० मध्ये साडेएकाहत्तर लाख. फ्लोरिडा १९४० मध्ये १९ लाखांवर होता, तो २ कोटी १५ लाखांवर गेला. १९८० मध्ये मध्यबिंदूने मिसिसिपी नदी ओलांडली.

बिंदू कोठे पडतो ही नुसती गंमत नाही. अमेरिकेत जनगणना मुळात सुरू झाली तीच राज्यांना प्रतिनिधिगृहातील जागा वाटून देण्यासाठी. १९१० च्या जनगणनेनंतर जागांची संख्या ४३५ वर स्थिरावली, त्यामुळे एका राज्याला जागा वाढवून द्यायची तर दुसऱ्याची कमी करावीच लागते. १९२० च्या जनगणनेत शहरी लोक प्रथमच निम्म्याहून अधिक, ५१ टक्के, निघाले. ग्रामीण भागांच्या प्रतिनिधींनी नवे वाटप अडवून धरले. अखेर १९२९ मध्ये कायदा झाला, पण त्या दशकातील सर्व निवडणुका १९१० च्या आकड्यांवरच झाल्या. आपल्याकडेही १९७६ च्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले गेले. मात्र तेथे हेतू वेगळा होता. कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, अशी त्यामागे भूमिका होती.

२०१० ते २०२० या दशकात मध्यबिंदू फक्त १९ किलोमीटर सरकला. यापेक्षा कमी तो १९१० ते १९२० या एकाच दशकात हलला आहे. लोकसंख्यावाढही मंदावून ७.४ टक्क्यांवर आली. तरीही जागा इकडच्या तिकडे झाल्याच. टेक्सासला दोन आणि फ्लोरिडाला एक जागा वाढून मिळाली. १८५० मध्ये राज्य झाल्यापासून कॅलिफोर्नियाची जागा कधीच कमी झाली नव्हती. या वेळी ती प्रथमच झाली, ५३ वरून ५२. न्यूयॉर्क राज्याने एक जागा गमावली. दोन कोटींवर वस्तीच्या त्या राज्यात आणखी ८९ माणसे मोजली गेली असती आणि इतर राज्यांचे आकडे तेच राहिले असते, तर ती जागा न्यूयॉर्ककडेच राहिली असती. ती मिनेसोटाकडे राहिली.