खिळा एक, घरे दोन
रोह्याच्या उर्दू वर्गात चचा छक्कन तसबीर टांगू लागले की मुले हसून लोळतात. मूळ तसबीर इंग्लंडची; जेरोम के. जेरोम यांच्या १८८९च्या ‘थ्री मेन इन अ बोट’मधल्या पॉजर काकांची. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी ती आपल्या घरात आणली. (पेणच्या आमच्या मामूंनी काहीही न वाचता भिंतीला तेवढीच भोके पाडली.) जेरोम पोरवयात पोरके झाले, शाळा सुटली, रेल्वेमार्गावर सांडलेला कोळसा वेचला, पुढे काही दिवस मास्तरकीही केली. चिं. वि. जोशींचे चिमणराव याच गोत्रातले. पण माझ्या मराठी वर्गाला चचा माहीत नाहीत, उर्दू वर्गाला चिमणराव. यंदा दोन्ही वर्ग एकत्र बसवणार आहे.